'हौस' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

परवा, सहा ऑगस्टच्या संध्याकाळी, हिरोशिमाच्या आठवणीत बेळगावच्या टिळकवाडीत, काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीपाशी आम्ही २३ जण अर्धा तास मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो. त्याबद्दल मी लिहिलं, त्यावर 'रांगडा बेळगावकर' या नावानं लांबलचक प्रतिक्रिया आली. दोघांनी फोन करून सांगितलं, सोडून द्या ओ, कशाला नादी लागता. नाही सोडवत.

आधी माझी चूक. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं ते डिसेंबर १९२४ मध्ये. मी १९२५ लिहिलं. आपलं बरोबर आहे, लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण एक साल सांगायला 'ताई, आधी शाळेत जा' असं लिहायची काय गरज होती? मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. गणित चुकलेल्या पोरालाही कधी असं बोलले नाही.

आता आपलं ते वाक्य. 'ज्यांच्या घरातलं कुणी सीमेवर गेलं नाही, त्या बायकांना असल्या हौसा सुचतात.'

माझे वडील मराठा पलटणीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये ते पूर्वेच्या आघाडीवर होते आणि मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी दुसरीत होते. त्या दिवसांत आई सकाळी भांडी घेऊन अंगणात बसायची, ती पोस्टमनची सायकल दिसेपर्यंत उठायची नाही. तेच एक पातेलं राखेनं पुन्हा पुन्हा घासत राहायची. सायकल दारावरून पुढे गेली की मग विसळायची. एक दिवस सायकल पुढे गेली आणि तिसऱ्या घरापाशी थांबली. तार होती. आईच्या तोंडून 'सुटले बाई' असं निघून गेलं, आणि पुढच्याच क्षणी ती त्या घराकडे धावली. ते दोन शब्द तिनं स्वतःला मरेपर्यंत माफ केले नाहीत.

वडील परत आले, धड आले. पण दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब सुरू झाले की ते जेवणावरून उठून गोठ्यात जात आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून बसत. फटाक्यांना पैसे आम्हाला तेच देत. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, 'समोरचीही कुणाची तरी पोरंच होती.'

त्यामुळे सीमेवर कोण गेलं होतं हे मला विचारू नका. तुमच्या घरातून कोण गेलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं माझ्या लक्षात आलं आहे.

आणि हौस हा शब्द. मंगळागौरीची हौस असते, नव्या साडीची असते. ऑगस्टच्या पावसात वात विझू नये म्हणून नारळाच्या करवंटीत मेणबत्ती बसवायची आणि मेण बोटांवर सांडत असताना तोंडातून शब्द न काढता उभं राहायचं, याला हौस म्हणू नका. आमच्यात एक बाई गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या.

'मराठा सेंटरच्या गावात हे शोभत नाही' असंही आपण म्हणता. मराठा सेंटर म्हणजे मराठा पलटणीचं इथलं केंद्र. याच गावात शोभतं. पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, १९१५-१६ साली, मराठ्यांच्या पलटणी महिनोन्‌महिने उपाशीपोटी झुंजल्या. कुठलं मेसोपोटेमिया, आणि कुणाचं ते युद्ध! त्यांच्या शौर्याला मी कुणाहूनही कमी मान देत नाही. पण त्यांना तिथं कुणी आणि कशासाठी पाठवलं, हे विचारलं की जवानांचा अपमान होतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

पहलगामनंतर देशानं हात जोडून बसायचं होतं का, हा आपला प्रश्न मोठा आहे. मी सरकारला सल्ला द्यायला उभी नव्हते, त्यात इथं शिरत नाही. मेणबत्त्यांनी काय होणार, हे तर दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. राहिली 'युद्ध बेड, शांती बेकू' (युद्ध नको, शांती हवी) ही आमच्या हातातली कन्नड पाटी, जी आपल्याला खुपली. तिच्या शेजारी मराठी पाटी आहे, फोटो मोठा करून बघा. सीमाप्रश्नात मी कुठे उभी होते हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. माझं मराठीपण तुमच्याकडून तपासून घ्यायची मला गरज नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र खरं नाव लिहा.

उद्या नऊ तारखेला नागासाकीसाठी पुन्हा तिथंच उभे राहणार आहोत, संध्याकाळी सात वाजता. येणार असाल तर करवंटी घरून आणा, आमच्याकडच्या कमी पडतात.