लाल-हिरवा म्हणे सगळ्यांनाच कळतो!

मोटर-स्टार्टर दुरुस्त करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जालन्यापासून लातूरपर्यंत एक मेसेज फिरतोय. सार असं: “रंगांधळा माणूस लाखात एखादा. त्याला सगळं काळं-पांढरं दिसतं, तरी सिग्नल पाळतोच ना? अडत असेल तर चष्मा घ्यावा. त्याच्यापायी पॅनेलचे दिवे बदलून खर्च कशाला वाढवायचा?”

लाखात एखादा? उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. आपल्याकडे कमी, तरी शंभर पुरुषांत दोन-चार निघतातच. सौद्याच्या वेळी मोंढ्यात किती असतील, करा हिशोब. बायकांत मात्र फारच कमी, कारण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि बायकांकडे सांभाळून घ्यायला दुसरं एक्स असतं.

निव्वळ काळं-पांढरं दिसणारे साधारण तीस हजारांत एक. बाकीच्यांची गफलत होते ती लाल-हिरव्यात.

सिग्नलचं उदाहरण तर मेसेजवाल्याच्याच अंगाशी येतं. तिथे लाल वर, हिरवा खाली, शिवाय हिरव्यात निळसर झाक. शेतातल्या जुन्या स्टार्टर-पेटीवरही आर-वाय-बीचे, म्हणजे तीन फेजचे लाल-पिवळा-निळा असे तीन दिवे तीन जागी असतात. एक विझला की फेज गेला, रंग कळो न कळो. (तरी ज्याच्या डोळ्यात लाल ओळखणारी पेशीच नाही, त्याला लाल दिवा इतका मंद दिसतो की भर उन्हात विझल्यासारखाच वाटावा.)

खरी पंचाईत बारक्या डिजिटल प्रिव्हेंटरवर (फेज गेला की मोटर बंद करणाऱ्या डबीवर) होते. अनेकांवर एकच एलईडी: ठीक असेल तर हिरवा, फॉल्ट असेल तर लाल. स्वस्तातला हिरवा म्हणजे ५६५-५७० नॅनोमीटरचा पोपटी, लाल ६२०च्या पुढचा. या पट्ट्यात डोळ्यातली निळी पेशी जवळपास गप्पच असते. रंग ठरतो तो लाल आणि हिरव्या पेशींच्या फरकावर, आणि नेमका तोच यांच्याकडे नसतो किंवा अपुरा असतो. दोन्ही दिवे पिवळट! रात्रीची लाईट आली म्हणून दोन वाजता विहिरीवर गेलेल्या गड्याने मोटर का उठेना, हे ओळखायचं कशावरून?

चष्मा म्हणजे रंगीत गाळणी. काही छटांतला फरक वाढवते, नसलेली पेशी देत नाही, वर उजेड खाते. अंधारात तर नकोच.

राहिला खर्च. मुळात रंग बदला असं म्हणतंय कोण? दिव्यांच्या संकेतांसाठीच्या आयईसी ६००७३ या आंतरराष्ट्रीय मानकातही रंगाच्या जोडीला जागा, आकार, लुकलुक हे संकेत आहेतच. हिरवा स्थिर ठेवा, फॉल्टचा लाल लुकलुकता करा. आत मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी चिप) असेल तर प्रोग्रामच्या चार ओळींचं काम. नाहीतर वर-खाली दोन एलईडी बसवा, शेजारी ‘चालू’ आणि ‘फॉल्ट’ छापा. प्लेट तशीही छापावीच लागते. जुन्या पेटीत लुकलुकता दिवा टाकणार असाल, तर आधीचा दिवा न्यूट्रलवर होता की दोन फेजमध्ये, एवढं मात्र तपासा. न्यूट्रलवरचा २४० व्होल्टचा दिवा दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टवर टिकायचा नाही.