‘पेड पोस्ट’ म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांना उत्तर

नमस्कार स्पष्टवक्ता,

(साहेब म्हणू की बाई, टोपणनावावरून कळत नाही, म्हणून नुसतंच.)

टर्निंग पॉइंट यूएसए या, अमेरिकन कॉलेजांत उजव्या विचारांचा प्रचार करणाऱ्या तरुणांच्या संघटनेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘नाव तरुणांचं, पैसा म्हाताऱ्या अब्जाधीशांचा. ही चळवळ नाही, दुकान आहे. देणगीदारांची नावं का लपवतात यावर लेखात अवाक्षर नाही, प्रोफेसर वॉचलिस्टवर नाही. पेड पोस्ट दिसते. अमेरिकेत बसून आम्हाला शहाणपण शिकवू नका.’ (प्रोफेसर वॉचलिस्ट म्हणजे डाव्या विचारांचा प्रचार करतात असा आरोप असलेल्या प्राध्यापकांची या संघटनेने काढलेली यादी.)

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘दुकान’ काय, ‘पेड पोस्ट’ काय! समोरासमोर बसला असतात तर हे बोलला असतात का?

एक गोष्ट आधीच मान्य करतो. टर्निंग पॉइंट यूएसए आणि टर्निंग पॉइंट ॲक्शन ही नावं लेखात मी जरा सरमिसळ वापरली. पहिली धर्मादाय संस्था. तिच्या देणगीवर करसवलत मिळते, पण तिला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. दुसरीला तो करता येतो, मात्र तिच्या देणगीवर सवलत नाही. २०२४ मध्ये ॲरिझोनात ट्रम्पसाठी मतदार बाहेर काढायला धावली ती दुसरी. झालं समाधान?

आता ‘पैसा म्हाताऱ्यांचा’. २०१२ मध्ये संस्था निघाली तेव्हा तिचा संस्थापक चार्ली कर्क अठरा वर्षांचा होता आणि जोडीला सत्तरी ओलांडलेले बिल माँटगोमेरी. त्याच वर्षी टॅम्पाच्या रिपब्लिकन अधिवेशनात कर्कने फॉस्टर फ्रीस या बड्या गुंतवणूकदाराला जिन्यात गाठून देणगी मिळवली. फ्रीसही सत्तरीपारच. हे सगळं मीच लेखात लिहिलंय आणि तुम्ही ते शोध लावल्याच्या थाटात मलाच ऐकवताय. अहो, अठरा वर्षांच्या पोराकडे पैसा असतो कुठे?

मी कॉलेजात असताना एका विद्यार्थी संघटनेचं पावतीपुस्तक घेऊन लक्ष्मी रोडवर दुकानोदुकान हिंडलोय. (संघटनेचं नाव सांगत नाही, लगेच शिक्का माराल.) पावत्या फाटायच्या कुणाच्या नावे? कापडवाले, सराफ, निवृत्त हेडमास्तर. एक सराफ गल्ल्यातून एकावन्न रुपये काढून द्यायचे आणि म्हणायचे, “नाव नको, ‘एक हितचिंतक’ लिही.” पावतीखाली कार्बन घालायचा राहिला की रात्री हिशोबाला आमची खरडपट्टी. आमच्या खिशात वडापावापुरतेही पैसे नसायचे. म्हणून आम्ही त्या सराफांचे नोकर झालो का? घोषणा देऊन घसा बसायचा तो आमचाच. आणि नाव न सांगण्याची हौस त्यांनाही होती, तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.

नुसत्या पैशाने होत असतं, तर २०१२ मध्येच झालं असतं. तेव्हा खास तरुण मतदारांसाठी क्रॉसरोड्स जनरेशन नावाची सुपर पॅक (कितीही देणग्या घेऊन उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचार करणारी समिती) निघाली होती. पाठीशी कोण, तर धाकट्या बुशचे निवडणूक-रणनीतीकार कार्ल रोव्ह यांच्याशी जोडलेली अमेरिकन क्रॉसरोड्स, म्हणजे पैशाला तोटा नाही. एक्झिट पोलनुसार तिशीच्या आतल्या मतदारांनी ओबामांना ६० टक्के मतं दिली, रिपब्लिकन उमेदवार रॉम्नींना ३७. आज त्या पॅकचं नाव तरी कुणाला आठवतं? २०२४ मध्ये याच वयोगटात ट्रम्पना ४३ टक्के मिळाली, २०२० मध्ये ३६ होती. सगळं श्रेय टर्निंग पॉइंटचं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. महागाई होती, पॉडकास्ट होते. पण कॉलेजा-कॉलेजात ठिय्या देऊन बसलं कोण?

मुलीला युनिव्हर्सिटीत सोडायला गेलो होतो तेव्हा लायब्ररीबाहेर त्यांचं घडीचं टेबल पाहिलं. ‘बिग गव्हर्नमेंट सक्स’चे स्टिकर आणि उन्हात उभी दोन पोरं. एक मुलगी शिवी हासडून गेली, दुसरा मुलगा बॅग खाली ठेवून वाद घालायला थांबला. आमची कन्या (ती पक्की विरुद्ध बाजूची) मला ओढत होती, “बाबा, चला ना.” १० सप्टेंबर २०२५ रोजी युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत कर्कचा खून झाला तो विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत असतानाच. त्याची निम्मी मतं मला पटत नाहीत, तेही लेखात आहे. पण त्याच्यानंतर ‘दुकान’ हा शब्द तुम्हाला कसा सुचतो?

आणि ‘अमेरिकेत बसून’! मी इथे एच-१बीवर होतो तेव्हा कायद्याने कुठल्या उमेदवाराला एक डॉलरही देता येत नव्हता. ग्रीन कार्डनंतर देता येत होता, तरी दिला नाही. आजतागायत कुठल्याच पक्षाला नाही. पैसे घेणं तर दूरच. तुम्ही कधी कुणाला वर्गणी दिलीत का, तेही कळू द्या.

प्रोफेसर वॉचलिस्टचा विषय वेगळा आहे, त्यावर सवडीने. ‘पेड पोस्ट’ मात्र मागे घ्यावं ही अपेक्षा. नाही घेतलंत तरी कॉमेंट उडवणार नाही, राहू दे तशीच. लोकांना वाचता येतं.