आधी पालं तपासा!

सकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज आला, रात्री दोन घरं फुटली. तिसऱ्या मिनिटाला उत्तर: "आधी पालं तपासा." खाली सात अंगठे. कुलूप कसं तोडलं, कुणी काय पाहिलं, एक शब्द नाही. थेट पालं, म्हणजे गावाबाहेरच्या भटक्यांचे तंबू!

अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. पोलीस ठाण्यातली संशयितांची यादी मात्र आजोबाकडून नातवाकडे चालत आली. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मागास समाजातल्या निरपराधांची नावं हिस्ट्री शीटवर, म्हणजे पोलिसांच्या सराईतांच्या नोंदीत, डोळे मिटून चढवू नका. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सांगितलं, विमुक्तांची, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या पारध्यांसारख्या जमातींची, मनमानी अटक नको. यादी ऐकतेय होय!

"पालं तपासा" म्हणजे काय होतं? पहाटे गाडी येते, दोन पोरं 'चौकशीला' नेतात. अटक दाखवत नाहीत, त्यामुळे घरच्यांना कळवणं नाही, डॉक्टरी तपासणी नाही, २४ तासांत कोर्टापुढे उभं करणं नाही. स्टेशन डायरीत नोंदही नाही. पोरगं ठाण्यात होतं याचा साक्षीदार एकच, कॅमेरा.

त्याचाही सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, २ डिसेंबर २०२०चा. दारं, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे. रात्री दिसणारे, आवाज टिपणारे. रेकॉर्डिंग १८ महिने, ते जमतच नसेल तर किमान वर्षभर. डिस्क लहान बसवली की जुन्यावर नवं चढतं आणि मारहाणीचा दिवस आपोआप पुसला जातो. फुटेज अधूनमधून पाहायला जिल्हा समिती: महसूल आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्ष. निवडून आलेला तेवढा शेवटचाच. आणि आपल्याकडे २०२२पासून वर्षानुवर्षं बहुतेक झेडप्यांवर प्रशासकच होते! तेव्हा लोकांच्या वतीने बघत होतं कोण?

पोलिसांना झोप नाही, मनुष्यबळ नाही, मान्य. कधी पालावरचाच पोरगा चोर निघतो, तेही मान्य. मग पुरावा आणा ना.

पालावरून कुणाला नेलं तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. तारीख, किती ते किती वाजता, कुठला कॅमेरा ते लिहा आणि तेवढं फुटेज ठाण्याने जपून ठेवावं असं मागा. "सगळं फुटेज द्या" लिहू नका, अर्ज लटकतो. शिक्क्याची पोच घ्या, प्रत अधीक्षकांना आणि जिल्हा समितीला. मग माहिती अधिकार. एरवी ३० दिवस, माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, आणि ते अर्जात स्पष्ट लिहा. पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. पोलीस सुधारणांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या प्रकाश सिंग निकालात ते जिल्ह्याला हवं होतं, आपल्या राज्याच्या २०१४च्या कायद्याने अनेक जिल्ह्यांच्या विभागाला नेऊन ठेवलं. बीडमधल्या आष्टीच्या पालावरच्या बाईने रोजंदारी बुडवून संभाजीनगर गाठायचं.

मेसेज टाकणारा तसा वाईट नाही हो. अडल्यानडल्याला धावतो. तूर काढणीला आली तेव्हा याच ग्रुपवर विचारत होता, रात्री राखणीला पारधी मिळेल का कुणी, भरवशाचा.