‘रात्रभर कॉस्टिकमध्ये बुडवा’: ॲल्युमिनियम ट्रिम रंगवायच्या त्या व्हिडिओबद्दल

जुन्या गाडीची ॲल्युमिनियम ट्रिम (बॉडीवरच्या शोभेच्या पट्ट्या) ‘घरच्या घरी, नवीसारखी’ करून देणारा एक व्हिडिओ सध्या फिरतोय. मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, ‘कॉस्टिक किती घेऊ?’ करू का नको हा प्रश्नच त्याला पडला नव्हता. त्याला जे सांगायचं ते फोनवर सांगून झालंय. बाकी ज्यांच्याकडे हे पोचलंय त्यांच्यासाठी लिहितो.

व्हिडिओचं म्हणणं असं: ट्रिमवरचं ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर विजेने वाढवलेला कठीण संरक्षक थर) पूर्ण काढल्याशिवाय रंग धरत नाही. त्यासाठी तुंबलेलं सिंक मोकळं करायची कॉस्टिक पावडर बादलीत कालवा, पट्टी रात्रभर बुडवा आणि वास येऊ नये म्हणून वर झाकण ठेवा. जी पट्टी गाडीवरून निघत नाही तिच्यावर तिथेच पेस्ट थापा. मग स्टील वूलने (बारीक लोखंडी तारांच्या काथ्याने) घासा. ॲल्युमिनियम गंजत नाही, तेव्हा प्रायमरची (रंगाआधीच्या अस्तराची) गरज नाही. स्प्रेच्या डब्याने एकच जाड हात मारा, तासाभरात पट्टी गाडीवर.

आधी बादलीचं बघू, कारण नुकसान तिथेच होणार आहे.

कॉस्टिक सोडा ॲनोडायझिंग काढतो, हे खरं आहे. तेवढं त्यांना देऊन टाकतो. ॲनोडायझिंगच्या कारखान्यातही हेच रसायन वापरतात. पण तिथे साधारण 5 टक्क्यांचं द्रावण असतं, तापमान 60 अंशांच्या आसपास धरलेलं असतं आणि माल आत राहतो तो काही मिनिटं, तेही घड्याळ लावून. बाहेर आल्यावर मिश्रधातूतलं तांबं, लोखंड, सिलिकॉन यांची काळपट काजळी वर उरते. ती नायट्रिक ॲसिडच्या टाकीत उतरवतात. यातलं ‘काही मिनिटं’ गाळून त्या जागी ‘रात्रभर’ घातलं की झाला व्हिडिओ.

कॉस्टिक ॲनोडायझिंग खाऊन थांबत नाही. तो थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो संपला की द्रावण खालचा धातू खायला लागतं, आणि हे काम वरच्या थरापेक्षा जोरात चालतं. काही ड्रेन क्लीनर पावडरींत ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे मुद्दाम मिसळलेले असतात, कारण कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की जी उष्णता आणि फसफस होते तिनेच तुंबा सुटतो. म्हणजे ज्या पावडरीचं कामच ॲल्युमिनियम खाणं आहे तिच्यात आपण ट्रिम रात्रभर ठेवायची! सकाळी कडा पातळ, क्लिप अडकवायचे दुमडलेले ओठ खाल्लेले, नक्षीच्या रेघा गोल झालेल्या आणि सगळा पृष्ठभाग दुधी. जुन्या मॉडेलची पट्टी असेल तर दुसरी मिळेलच असं नाही.

त्यात ते झाकण. या क्रियेत हायड्रोजन निघतो. एक ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळलं की खोलीच्या तापमानाला सुमारे 1.3 लिटर. द्रावण स्वतःच तापत जातं, तापलं की क्रिया आणखी वेगाने होते, आणि वर झाकण. ‘वास’ म्हणतात तो हायड्रोजनचा नव्हे, त्याला वास नसतो. नाकाला झोंबतात ते वायूच्या बुडबुड्यांबरोबर उडणारे कॉस्टिकचे सूक्ष्म थेंब. तो थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गेलाच तर व्हिनेगर, लिंबू असलं काही न करता वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचं. व्हिडिओतल्या गृहस्थाच्या हातात मोजे नाहीत, डोळ्यांवर चष्मा नाही.

गाडीवर पेस्ट थापण्याबद्दल काय बोलावं! जुन्या सिंथेटिक इनॅमलमधल्या तेलाचा अल्कलीने अक्षरशः साबण होतो. पेस्ट पट्टीमागच्या फटीत उतरते, तिथून धुऊन निघत नाही, आणि बॉडीचा रंग पट्टीच्या रेषेत उचलला जातो. ट्रिम रंगवायला निघालेला माणूस दरवाजा रंगवून घरी येतो.

आता मुख्य मुद्दा: रंगच द्यायचा असेल तर चांगलं ॲनोडायझिंग काढायचंच कशाला? तो थर वरून फासलेला नसतो, धातूतूनच वाढवलेला असतो, त्यामुळे त्याच्या पकडीचा प्रश्नच नाही. शाबूत असेल तर रंगाला त्याहून चांगला पाया नाही. फक्त त्याची छिद्रं कारखान्यात बंद केलेली असल्याने तो गुळगुळीत असतो, म्हणून त्याला बारीक खर आणायची. थर पूर्ण उतरवायचा तो पट्टीला पुन्हा उघडी चकाकी हवी असेल तेव्हा, आणि ते काम ॲनोडायझिंगवाल्याचं.

रंगीत ॲनोडायझिंग असेल तर दुप्पट सावध. 1957 च्या शेवरोले बेल एअरची सोनेरी जाळी घ्या. तो सोनेरी रंग ॲनोडायझिंगच्या थरातच आहे. थर गेला की सोनं गेलं.

पट्टीवर थर आहे का, हे कळायला बादली लागत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहिली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि त्याच्या वायरींची दोन्ही टोकं पट्टीला हलकेच टेकवा, ओरखडू नका. ॲनोडायझिंग वीज वाहू देत नाही, उघडं ॲल्युमिनियम लगेच बीप देतं. मीटर नसेल तर मागच्या बाजूला थोडं मेटल पॉलिश घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. आणि चुंबकाच्या भरवशावर राहू नका. तो ॲल्युमिनियमला चिकटत नाही, तसाच बऱ्याच स्टेनलेस स्टीलला आणि क्रोम चढवलेल्या जस्ताच्या ओतीव भागांनाही चिकटत नाही.

स्टील वूल: नको. ॲल्युमिनियम मऊ, त्यात लोखंडाचे कण रुततात आणि रंगाखाली गंजाचे ठिपके उठतात. शिवाय स्टील वूलला गंजू नये म्हणून बहुधा तेल लावलेलं असतं. करड्या रंगाचं नायलॉन पॅड आणि 400 ते 600 नंबरचा वॉटर पेपर पुरतो.

पण घासण्याआधी धुवायचं, हा क्रम बरेच जण उलटा करतात. वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि सिलिकॉन पट्टीवर असतं. आधी घासलं की ते ओरखड्यांत बसतं आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. साबणाचं पाणी, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, दोन फडक्यांनी: एकाने ओलं लावायचं, वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. मग घासायचं, पुन्हा रिमूव्हर. शेवटी स्वच्छ पाणी ओतून बघा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर ठीक, थेंब थेंब होऊन फाटला तर अजून तेल आहे. यापुढे नायट्राइलच्या मोज्यांशिवाय हात लावायचा नाही.

‘ॲल्युमिनियम गंजत नाही, प्रायमर नको’ हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवतं. लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, बरोबर. पण खारी हवा आणि रस्त्यावरचं मीठ लागलं की खड्डे पडतात, पांढरी पूड येते. रंगाखाली तर वेगळाच प्रकार होतो: एखाद्या ओरखड्यापासून किंवा कडेपासून केसासारखे बारीक धागे रंगाखालून सरकत जातात आणि वरचा रंग फुगवतात. प्रायमर हवा तो यासाठी, आणि पकडीसाठीही. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत लगेचच ऑक्साइडचा पातळ थर येतो. नुसता वरचा रंग त्यावर बसतो खरा, पण पहिला खडा लागला की पोपडे निघतात. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी 1730 हे अख्खं मानक रंग देण्याआधी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग कसा तयार करायचा याच एका विषयावर आहे. काहीच करायचं नसतं तर ते लिहायची गरज काय होती?

करायचं ते असं. जिथे धातू उघडा पडलाय तिथे घासल्यावर रेंगाळू नका. त्याच बैठकीत एच प्रायमरचा (ॲसिडमुळे धातूला चावून बसणाऱ्या प्रायमरचा) एक हात, इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. जाड मारला तर त्यातलं ॲसिड अडकून राहतं आणि पकड उलट कमी होते. किंवा एच प्रायमर टाळून सरळ टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर. एचवर इपॉक्सी मारायचा असेल तर दोन्ही डबे तशी परवानगी देतात का ते आधी वाचा, बहुतेक देत नाहीत. खड्डे असतील तर पांढरी पूड टोकाने खरवडून पूर्ण काढा आणि पुट्टी इपॉक्सीवर भरा. पॉलिएस्टर पुट्टी एच प्रायमरवर कधीच नको. टू-के मालात आयसोसायनेट (काही हार्डनरमधलं, श्वासाला घातक रसायन) असेल तर साधा मास्क उपयोगाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम पेंटरला द्या.

एकच जाड हात म्हणजे ओघळ, आणि आत अडकलेला थिनर. 20 ते 25 सेंटिमीटरवरून दोन-तीन पातळ हात, मधे 10 ते 15 मिनिटं. दमट दिवशी नको. पट्टी दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान 3 अंश गरम हवी. खाचा काळ्या आणि उंचवटे चकचकीत ठेवायचे असतील तर रंग ओलसर असतानाच सपाट ठोकळ्यावर फडकं ताणून, थिनरचा नुसता स्पर्श देऊन उंचवटे पुसा. फडकं मोकळं धरलं तर बोट खाचेत जातं आणि तिथलाही रंग पुसला जातो.

तासाभरात फिटिंग तर विसराच. आठवडाभर थांबा. मग पट्टीच्या मागच्या बाजूला, तीही पुढच्यासारखीच तयार करून रंगवली असेल तर, धारदार ब्लेडने एक मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या चिरा द्या, टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या तर पुढची बाजूही अशीच निघणार, तेव्हा पट्टी गाडीवर चढवण्याआधी पुन्हा घासायला घ्या. चौकटी जागेवर राहिल्या तर बसवा, पण स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आणि पट्टीमागे थोडं वॅक्स घालून. स्टीलचा स्क्रू रंग खरवडून ॲल्युमिनियमला भिडला आणि तिथे पाणी साचलं, की पांढरी पूड पहिल्यांदा त्याच भोकाभोवती दिसेल.