बेटावरची हलाल सुट्टी आणि बायकांचे पोहणे

हलाल पर्यटनाची, म्हणजे इस्लामी नियमांत बसणाऱ्या सुट्टीची, जाहिरात बहुतेक वेळा जेवणापासून सुरू होते आणि फार तर खोलीपर्यंत पोहोचते. स्वयंपाकघराला प्रमाणपत्र आहे, खोलीतल्या फ्रिजमधल्या दारूच्या बाटल्या सांगितल्यास काढून ठेवू, छतावर किब्ल्याचा, म्हणजे मक्केच्या दिशेचा, बाण आहे, जानमाज (नमाजाची चटई) मागितल्यास मिळेल. या सोयी हव्यातच. पण बेटावर माणूस समुद्रासाठी जातो, आणि पाण्यात उतरायची वेळ आली की ही यादी पुरुषांना पुरते, बायकांना पुरत नाही.

खरे तर जेवणाचे बेटावर फारसे अडत नाही. मासे असतात (कोळंबी-खेकड्यांबद्दल फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, मतभेद आहेत, ते ज्याने त्याने पाहावेत), आणि रश्श्यात वाइन घातली आहे का असे आचाऱ्याला विचारले तर सहसा सरळ उत्तर मिळते. नमाजासाठी शरीयतनेच प्रवाशाला कस्रची, म्हणजे नमाज आखूड करण्याची, सवलत दिली आहे, रोजेही नंतर पूर्ण करता येतात. अंग झाकण्याच्या नियमाला मात्र प्रवासात अशी सूट नाही.

मालदीवचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 2008 च्या राज्यघटनेनुसार तिथे मुस्लिमेतर व्यक्तीला नागरिक होता येत नाही. पण 1972 मध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाल्यापासून पर्यटकांना वस्ती नसलेल्या बेटांवर ठेवायचे, म्हणजे दारू आणि बिकिनी गावापासून दूर राहतील, अशीच तिथली रीत पडली. त्यामुळे मुस्लिम देशात सुट्टीला गेलेली मुस्लिम बाई नेमकी अशा बेटावर उतरते जिथे पोहण्याच्या तलावाच्या काठाला बार असतो आणि मशीद असते ती कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस निघाली, तिथे चित्र उलटे आहे. बिकिनीसाठी वेगळा, आडोसा केलेला किनारा असतो आणि बाकीच्या किनाऱ्यावर गावातल्या बायका अंगभर कपड्यांतच पाण्यात उतरतात. तिथे बुर्किनीकडे, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखाकडे, कोणी वळूनही पाहत नाही, आणि मी सर्वांत निर्धास्तपणे पोहले ती अशाच एका बेटावर. ‘हलाल’ची पाटी मला तिथे कुठेही दिसली नव्हती.

दुसऱ्या टोकाला फ्रान्सचे कॉर्सिका बेट. 2016 च्या ऑगस्टमध्ये सिस्को गावच्या किनाऱ्यावर मारामारी झाली आणि तिथल्या महापौरांनी बुर्किनीवर बंदी घातली. त्याच महिन्याच्या 26 तारखेला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मुख्य भूमीवरच्या व्हिलनव्ह-लुबे गावातली अशीच बंदी स्थगित केली, तरीही सप्टेंबरमध्ये बास्तियाच्या न्यायालयाने सिस्कोची बंदी कायम ठेवली. मारामारीचा जाब पोहणाऱ्या बायकांच्या कपड्यांना विचारला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदी नसली तरी हॉटेलांचे स्वतःचे नियम असतात. एका रिसॉर्टमध्ये मला ‘स्वच्छतेसाठी’ तलावाबाहेर यायला सांगण्यात आले. बुर्किनी पोहण्याच्या इतर पोशाखांसारख्याच कापडाची असते, आणि त्याच तलावात उन्हापासून बचाव म्हणून लांब बाह्यांचे रॅशगार्ड घातलेली मुले खुशाल डुंबत होती.

या सगळ्यावर उद्योगाने शोधलेले उत्तर म्हणजे उंच भिंतींचा, खासगी तलाव असलेला व्हिला. 2015 मध्ये अबुधाबीत इंडोनेशियाच्या लोंबोक बेटाला हलाल मधुचंद्रासाठी सर्वोत्तम ठिकाणाचा पुरस्कार मिळाला होता. मधुचंद्राला व्हिला ठीक आहे, पण सासू, नणंद आणि तीन मुले घेऊन निघालेल्या बाईने त्या चार हातांच्या पाण्यात काय करायचे? शिवाय तो परवडतो किती जणींना? मुस्लिम प्रवाशांसाठी देशांची क्रमवारी लावणाऱ्या क्रेसेंटरेटिंगच्या वर्गवारीतही हलाल अन्न आणि नमाजाची जागा अत्यावश्यक मानली आहे, तर आडोसा असलेली करमणुकीची जागा सर्वांत खालच्या, ‘असल्यास उत्तम’ अशा पायरीवर आहे. ही वर्गवारी बायकांना विचारून केली असती तर ती पायरी नक्कीच वर सरकली असती.

माझी मागणी मोठी नाही. तलावात कोणते कपडे चालतात हे हॉटेलांनी आरक्षणाच्या पानावरच लिहावे, म्हणजे पैसे भरल्यावर काठावर वाद घालावा लागणार नाही. आणि बायकांसाठी राखीव वेळ जाहीर करायची असेल तर त्या वेळेत जीवरक्षकही बाईच नेमावी. पुरुष जीवरक्षक खुर्चीत बसवून ‘महिलांची वेळ’ ठेवणारी हॉटेले मी पाहिली आहेत, आणि त्या वेळेत तलाव रिकामा का राहतो याचे त्यांच्या व्यवस्थापकांना खरोखरच आश्चर्य वाटत असते.