गुंडपट काढायचाय? आधी नमनाला घडाभर तेल घ्या

समजा, साल १९३१ आहे आणि तुम्ही हॉलिवूडमध्ये निर्माते आहात. बाहेर मंदी, दारूबंदी आणि शिकागोच्या टोळ्या. लोकांना पडद्यावर मशीनगन बघायचीय आणि तुम्हाला ती दाखवायचीय. मग अडचण कसली? सिनेमांसाठीच्या नीतिनियमांची संहिता? ती तर गेल्याच वर्षी मंजूर झालीय. लिहिण्यात एका जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातल्या पाद्र्याचा हात होता, म्हणजे वस्तू पवित्र. पवित्र वस्तू देव्हाऱ्यात ठेवायच्या असतात, रोजच्या वापरात काढायच्या नसतात.

पहिलं काम म्हणजे पडद्यावरची पाटी. कित्ता हवा असेल तर 'द पब्लिक एनिमी' या गुंडपटाचा गिरवा. सुरुवातीलाच जाहीर करा की गुंडाचा गौरव करणं हा आमचा हेतू नाही, समाजातल्या एका थराचं प्रामाणिक दर्शन घडवायचं आहे. एवढं नमन झालं की गुंड रंगवणाऱ्या जेम्स कॅग्नीला मोकाट सोडा. त्याने चोरटी दारू विकावी, माणसं मारावीत, नाश्त्याच्या टेबलावर मैत्रिणीच्या तोंडावर अर्धं ग्रेपफ्रूट चिरडावं. पाटी वाचलेला प्रेक्षक हे सगळं समाजशास्त्र म्हणूनच पाहतो, शपथेवर सांगतो. चित्रीकरणात खऱ्या गोळ्या झाडल्या तरी हरकत नाही. त्या सिनेमात झाडल्याच होत्या. संहितेला काळजी प्रेक्षकाच्या आत्म्याची, नटाच्या डोक्याची नव्हे.

शेवटी नायकाला मारायला विसरू नका. तासभर त्याने ऐश केलेली चालते, फक्त शेवटची पाच मिनिटं पापाचं फळ.

तरीही कोणी सेन्सॉरवाला हटून बसलाच, तर हॉवर्ड ह्यूज यांच्या पैशातून निघालेला 'स्कारफेस' (१९३२) आठवा. त्यात मशीनगनच्या गोळ्यांनी कॅलेंडरची पानं उडतात आणि दिवस सरतात, खून जवळ आला की चौकटीत कुठेतरी फुली दिसते. भावाची बहिणीवरची माया तर भलतीकडेच झुकलेली. त्यावर उपाय काय सापडला? शीर्षकाला 'राष्ट्राची लाज' अशी शेपटी जोडली. सरकारने काय केलं, आणि तुम्ही काय करणार, असा जाब पाटीवरून प्रेक्षकालाच विचारला. बिचारा तिकीट काढून आला होता! एक वृत्तपत्रमालक प्रतिष्ठितांसमोर भाषण झोडतो, असा प्रसंगही मध्येच ठोकून बसवला. गुंड फासावर जातो असा पर्यायी शेवट चित्रित केला, पण नायक पॉल म्यूनी हजर नव्हता, म्हणून चेहरा न दाखवता दुसऱ्याच कुणाला तरी लटकवलं. न्यूयॉर्कच्या सेन्सॉर मंडळाला एवढी नीतीही पुरली नाही. तुम्ही मात्र धीर सोडू नका.

नायिका घेऊनही हे जमतं. 'बेबी फेस'मध्ये (१९३३) बार्बरा स्टॅनविक बँकेत एकेका पुरुषामागे वर चढते आणि कॅमेरा इमारतीचे मजले मोजतो. तिला पुरुषांना वापरून घे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या चांभाराच्या तोंडी नंतर सुविचार भरले. मूळ निगेटिव्ह तेवढी जपून ठेवा. याची २००४ साली सापडली आणि लोक आवर्जून पाहायला आले.

१ जुलै १९३४ पासून मात्र देव्हाऱ्याचं दार उघडेल. संहिता राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचा शिक्का नसेल तर पंचवीस हजार डॉलर दंड. घाबरून धंदा बदलू नका. वॉर्नर ब्रदर्सने १९३५ मध्ये 'जी मेन' काढला तसं करा. कॅग्नी तोच, गोळीबार तोच. फक्त त्याला सरकारी नोकरीत चिकटवा.