‘पर्पेंडिक्युलर’वरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या १९९६ सालच्या ‘पर्पेंडिक्युलर’ या अल्बमवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण नाव न देता चार वाक्यांची प्रतिक्रिया दिली आहे. इतर वाचकांच्या सोयीसाठी ती येथे उतरवून घेतो : “रिची ब्लॅकमोर गेला तेव्हाच डीप पर्पल संपले, नंतरच्यांनी नुसत्या पाट्या टाकल्या. सोलापूरसारख्या गावात जी कॅसेट हाती लागेल तीच थोर वाटणार, त्यात लेखकाचा दोष नाही. गिलनचा आवाज तोवर गेलेला होता. अल्बम उगाच लांबवला आहे.”

(ब्लॅकमोर हा या बँडचा मूळ गिटारवादक, गिलन हा गायक.) यातले शेवटचे वाक्य मला मान्य आहे. तासाभराहूनही मोठा असलेला हा अल्बम दोन गाण्यांनी कमी असता तर अधिक बांधेसूद झाला असता, आणि ‘सून फॉरगॉटन’ हे गाणे मीही बहुतेक वेळा पुढे ढकलतो. चांगल्या कामाच्या कैवाऱ्याने त्यातले सैल भाग झाकून ठेवू नयेत, असे मी मानतो.

दुसऱ्या वाक्याचे मात्र तसे नाही. आपण रागावून लिहिले असते तर मला काही वाटले नसते. आपण माझी कीव केली आहे. “त्यात लेखकाचा दोष नाही” असे म्हणून आपण माझ्या आवडीचे कारण माझ्या कानांतून काढून माझ्या पत्त्यावर नेऊन ठेवले, आणि मग अल्बमबद्दल काही बोलण्याची गरजच आपल्याला उरली नाही. ज्या लेखात प्रत्येक गाण्याचा वेगळा विचार केला आहे, त्याला असे एका वाक्यात गुंडाळणे हे टीकेचे लक्षण नव्हे.

शिवाय हे वाक्य वस्तुस्थितीला धरूनही नाही. त्या काळी नव्या पेठेतल्या एका दुकानात कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून मिळत. तेथे ‘मशीन हेड’ होता, ‘इन रॉक’ होता, ‘मेड इन जपान’ होता; म्हणजे आपल्याला जो ब्लॅकमोर प्रिय आहे तोच आमच्या हाती सहज लागत होता, आणि ‘हायवे स्टार’मधली त्याची वादनाची जागा मला झोपेतही पाठ होती. हाती लागत नव्हता तो ‘पर्पेंडिक्युलर’. तो माझ्या मामेभावाने मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने येताना आणला, तेव्हा मी ब्लॅकमोर पुरता ऐकून झालो होतो आणि त्याच्या जागी आलेला स्टीव्ह मोर्स हा नवा माणूस त्याच्या पासंगाला तरी पुरतो का, हेच पाहायला बसलो होतो. जे हाताला लागले ते थोर मानायचे असते, तर मी आज आपल्याच बाजूने लिहीत असतो.

आता स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आपण विषय तेथे नेला आहे. मी बरीच वर्षे सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. गणेशोत्सवात पूर्व भागातल्या मंडळांपासून हुतात्मा स्मृती मंदिरापर्यंत आमचे कार्यक्रम होत. आमचे जुने गिटारवादक गाव सोडून गेले आणि त्यांची जागा मला मिळाली, तेव्हा पुढच्या रांगेतले श्रोते त्यांचीच जागा, त्यांचीच मुरकी माझ्याकडे मागत असत. हुबेहूब वाजवली की म्हणत, नक्कल करतो. वेगळी वाजवली की म्हणत, याला येत नाही. दुसऱ्याच्या जागेवर उभे राहणे म्हणजे काय, हे मी ब्लॅकमोरची चरित्रे वाचून शिकलेलो नाही. आपण कधी अशा मंचावर उभे राहिला असाल असे आपल्या वाक्यावरून वाटत नाही.

स्टीव्ह मोर्सने ती अडचण कशी सोडवली, हा माझ्या लेखाचा गाभा होता आणि आपण त्याला स्पर्शही केलेला नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून गेला. जपानचे आणि त्यानंतरचे कार्यक्रम जो सॅट्रियानी या अमेरिकी गिटारवादकाने निभावून नेले, आणि १९९४ मध्ये मोर्स आला. तो डिक्सी ड्रेग्ज या अमेरिकी बँडमधून तयार झालेला, जॅझ, कंट्री आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत हातात घोटलेला वादक होता. पहिल्याच ‘व्हॅवूम : टेड द मेकॅनिक’ या गाण्याचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, ऐका. तार छेडल्याबरोबर अंगठ्याची कड तिला ओझरती लागते, मूळ स्वर दबतो आणि त्याचा उंच अंशस्वर बाहेर पडतो. तोही अधूनमधून नक्षीसाठी नाही, तर रिफच्या घडणीतच. मी हा रिफ बसवताना माझा अंगठा हुळहुळा झाला होता. या गाण्यात ब्लॅकमोरची एकही सवय नाही. त्याचबरोबर जॉन लॉर्डचे मार्शल अँप्लिफायरमधून गुरगुरणारे हॅमंड ऑर्गन आणि इयान पेसचे ड्रम यांना त्याने जराही बाजूला सारलेले नाही. ‘कॅस्केड्स : आय ॲम नॉट युवर लव्हर’मध्ये गिटार आणि ऑर्गन यांची जी वेगवान देवाणघेवाण चालते, ती पाट्या टाकणाऱ्यांची असेल तर पाट्या टाकणे कशाला म्हणतात, हे मला नव्याने शिकावे लागेल. ‘द एव्हिएटर’मध्ये तर हा संच विजेची गिटार खाली ठेवून लोकगीताच्या अंगाने जातो. संपलेला बँड एवढी जोखीम घेत नाही. तो जुन्याचीच उजळणी करतो.

गिलनच्या आवाजाबद्दल थोडक्यात. १९७० च्या ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या किंकाळ्या पन्नाशीला आलेल्या माणसाकडे मागणे हा आपला हट्ट आहे. ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ या गाण्यात तो सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखा, खालच्या पट्टीत गातो आणि साडेसात मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या त्या गाण्यात चढायचे कधी हे त्याला नेमके कळते. आवाज गेलेल्या गायकाला हा संयम परवडत नाही.

या अल्बमकडे दुर्लक्ष झाले ते आपल्यासारख्यांच्या याच आग्रहामुळे. मोर्स पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये बाहेर पडला, तोवर त्याने या बँडमध्ये ब्लॅकमोरपेक्षा अधिक वर्षे गिटार वाजवली होती. तरीही २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये डीप पर्पलचा समावेश झाला तेव्हा सन्मानितांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. हाच संच अल्बम येण्याआधी, एप्रिल १९९५ मध्ये, मुंबईत वाजवून गेला आणि त्या मैफलीचे चित्रीकरण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने निघाले. नव्या वादकाला जुनी गाणी पेलतात का, ही शंका असेल तर ते पाहावे.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पुन्हा लिहावेसे वाटले तर या अल्बममधले कोणते गाणे, त्यातली कोणती जागा आणि ती का फसली आहे, हे लिहावे. मी उत्तर देईन. माझ्या गावाविषयी लिहिणार असाल तर मात्र हे शेवटचे उत्तर समजावे.